तिसरी बाटली

१. पांढरा टॉवेल

मकास्सरजवळच्या मालिनोच्या थंड डोंगरावर कराएंग मांगासी यांनी घर बांधले. कराएंग हा तिथल्या सरदार घराण्यांचा किताब. मांगासींचे पुत्र कराएंग लोलो, लोलोंचे पुत्र कराएंग तुतू, आणि तुतूंची एकुलती कन्या ती कराएंग कानांग, जिने पुढे मकास्सरच्या न्यायासनावर बसून भल्याभल्यांची बोबडी वळवली. या घराण्याला जमीन होती, मान होता आणि एक ऋण होते. डच अंमलात साहेबाचे कॉफीचे कोठार जळाले आणि आळ लोलोंवर आला. सारे गाव मूग गिळून बसले. बोलली ती एकटी सानरो तेने. सानरो म्हणजे सुईण, वैदू आणि तेल मंतरणारी, तिन्ही एकच. "आग लागली तेव्हा हा माझ्यापुढे दिवा धरून उभा होता, याच्या बायकोला मी मोकळी करत होते," असे तिने कचेरीत चढून सांगितले. लोलो सुटले. त्या प्रसूतीत जन्मलेले मूल म्हणजे तुतू. खरे बोलल्याची शिक्षा म्हणून कारकुनांनी सानरोला डोंगरावर टिकू दिले नाही. लेकरे घेऊन ती समुद्राकडे उतरली आणि पुन्हा कोणाला दिसली नाही. तेव्हापासून त्या घरात मरणारा बाप मागे राहणाऱ्याला एकच गोष्ट बजावत आला: तेनेच्या घराचा एक शब्द आपल्यावर आहे.

कराएंग कानांग आता निवृत्त झाल्या होत्या. विद्यापीठांची आंतरराष्ट्रीय फुटसाल स्पर्धा मकास्सरला भरली, तेव्हा तक्रार समितीचे अध्यक्षपद मानाने त्यांच्याकडे आले आणि पहिल्या रांगेतली खुर्चीही. पाचपाच जणांचा हा छपराखालचा फुटबॉल त्यांना मनापासून आवडे. क्रीडागृह नवे होते. लाकडी जमीन फुगू नये म्हणून गार हवेची यंत्रे अहोरात्र चालू ठेवलेली. मकास्सरच्या माणसाला असल्या गारठ्याची सवय नाही. प्रेक्षक सारोंग अंगाभोवती गुंडाळून बसले होते. कराएंगनी शाल घट्ट केली आणि आल्याचे गरम साराब्बा मागवले.

उपांत्य सामना यजमानांचा थायलंडच्या विद्यापीठाशी होता. यजमानांचा गोलरक्षक तोम्पो हा गालेसोंगच्या कोळ्याचा मुलगा. पूर्वार्धात त्याने अशक्य वाटणारे फटके अडवले. मध्यांतरानंतर बाजू बदलल्या आणि तो उत्तरेच्या गोलापुढे आला. थोड्याच वेळात थायलंडचा थनाकोर्न चेंडू घेऊन एकटा आत शिरला, त्याने पाय रोवला, आणि तो पाय जमिनीवर टिकलाच नाही. गुडघ्याचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत पोहोचला.

सर्वांच्या आधी मैदानात धावले ते स्पर्धेचे कार्यवाह, प्राध्यापक बुरहान लाल्लो. घसरल्या जागी वाकून त्यांनी खांद्यावरच्या पांढऱ्या टॉवेलने जमीन पुसली आणि टॉवेल सर्वांना दिसेल असा उंच धरला. तेल ओघळले, मनगटावरून उतरून त्यांच्या शुभ्र बाहीत मुरले. लवंगेचा वास पसरला.

"खोबरेल," प्राध्यापक म्हणाले. "मंतरलेलं."

तोम्पोच्या पिशवीत काळपट काचेची चपटी बाटली सापडली. प्राध्यापकांनी बूच काढून ती हुंगली आणि मान डोलावली. वास तोच होता. बाटली उजेडासमोर धरली तर अर्धी रिकामी. आपल्याच शहराचे लोक आपल्याच गोलरक्षकाला शिव्या देऊ लागले. सामना तिथेच थांबवून थायलंडला विजयी ठरवण्यात आले. आणि तोम्पो, ज्याच्यावर हे सारे कोसळत होते, त्याने तोंडातून एक शब्द काढला नाही.

२. सुंदर अक्षर

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रीडागृहाच्या कचेरीत कुलगुरूंनी कराएंगपुढे एक कागद सरकवला. तोम्पोची विद्यापीठातून हकालपट्टी आणि आजन्म खेळबंदी. संध्याकाळच्या अंतिम सामन्याआधी ते जाहीर करायचे होते. फक्त त्यांची सही राहिली होती.

"मुलाला कोणी विचारलं?" कराएंगनी विचारले.

विचारण्यासारखे त्यात काय आहे, असे कुलगुरू म्हणाले. तेल त्याचे, बाटली त्याची, गोलही त्याचाच. प्राध्यापक लाल्लो तर संतापाने थरथरत होते. परदेशी पाहुण्यांसमोर मकास्सरची सिरी, म्हणजे जिवापलीकडची अब्रू, या अडाणी तेलामंत्रांनी घालवली, असे त्यांचे म्हणणे होते. "मी शिकलेला माणूस आहे, कराएंग. असल्या सानरोंच्या पायरीला मी आयुष्यात शिवलो नाही."

कराएंगनी कागद पालथा घातला.

"मला न्याय करायला बोलावलंत की सही करायला? सहीच हवी असेल तर माझ्या ड्रायव्हरची घ्या. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा सुंदर आहे."

कुलगुरूंनी तो पालथा कागद आपल्याकडे ओढून घेतला. ज्या पोराने काल यांच्या विद्यापीठासाठी जिवाचे रान केले, त्याला एक प्रश्न न विचारता गटारात टाकायला हे निघाले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची कला कराएंगनी न्यायालयात पुष्कळ पाहिली होती. विद्येच्या मंदिरात ती इतकी सराईत असेल असे त्यांना वाटले नव्हते.

त्यांनी पुरावा मागवला. कपाटातून टॉवेल निघाला. काल त्यातून तेल ओघळत होते. आज तो खळ घातल्यासारखा ताठ झाला होता. मग बाटली आली. कराएंगनी बूच काढले, तळहात पुढे केला आणि बाटली सरळ उलटी धरली.

थेंबही पडला नाही.

"आटलं असेल," कुलगुरू म्हणाले.

कराएंगनी बूच पुन्हा लावले. मालिनोच्या घरातली चूल, चुलीच्या कडेला मांडून ठेवलेली आईची बाटली आणि वेणी घालायला खोळंबलेली एक मुलगी त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती. त्या उठल्या. त्यांनी बजावले: आपल्या परवानगीशिवाय काहीही जाहीर करायचे नाही, आणि गार हवेची यंत्रे क्षणभरही बंद करायची नाहीत.

"यंत्रांचा काय संबंध?" प्राध्यापकांनी विचारले. तो प्रश्न इतक्या घाईने आला की कराएंगनी जाता जाता मागे वळून पाहिले.

३. सांगायचं नसतं

तोम्पो मागच्या व्हरांड्यात आजीजवळ बसला होता. आजी, सानरो सुंग्गू, गालेसोंगहून आली होती. कराएंगना पाहून दोघे उठून उभे राहिले.

"तेल तू ओतलंस?"

"ओतलं नाही, कराएंग. पण माझंच असणार." मुलाने मान वर केली नाही. "सामन्याआधी बाहेर उन्हात आजीचं तेल पोटऱ्यांना चोळलं होतं. तेच गळलं असेल. त्याचा गुडघा माझ्यामुळे गेला. मग कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

"विद्यापीठातून काढतील. कळतंय ना?"

"कळतंय. आमच्या घरात पुस्तक धरणारा मी पहिलाच. आता पुन्हा होडी."

कराएंगना राग आला, आणि तो या मुलाचा नव्हता. इतका सरळ माणूस समोर असताना त्याला प्रश्न विचारण्याची कोणाला गरज वाटू नये? बाटली पिशवीत का ठेवली होती, असे त्यांनी विचारले. सानरोचा नियम असा की काम तडीस जाईपर्यंत बाटली अंगावेगळी करायची नाही. केली तर काम फिसकटते. पण खेळताना अंगावर काही ठेवायला पंच परवानगी देत नाहीत. म्हणून ती पिशवीत, खेळाडूंच्या बाकाखाली, जिथे यंत्राचा गार झोत थेट येतो.

"तिथंच घात झाला," सुंग्गू म्हणाली.

कराएंगनी बाटली तिच्या हाती दिली. म्हातारीने ती तिरकी केली, तोंडाशी डोळा नेला आणि विंचू चावावा तसा हात मागे घेतला.

"तेल मेलं, कराएंग. पांढरं पडलं. अंगावरून उतरवलं म्हणून मेलं. रोपूचंही असंच मेलंय."

रोपू म्हणजे क्रीडागृहाचा रखवालदार. स्पर्धेच्या धावपळीत गुडघा टिकावा म्हणून सुंग्गूने त्याला बाटली दिली होती आणि आज सकाळी भीतभीत त्याने ती तिला परत आणून दाखवली होती.

"या स्पर्धेसाठी किती बाटल्या मंतरल्यास?"

"तीन."

"एक नातवाची, एक रोपूची. तिसरी?"

म्हातारीने पदर नीट केला. "ते सांगायचं नसतं. रोपूनं आपण होऊन दाखवली म्हणून त्याचं नाव घेतलं. माझ्याकडे कोण येतं ते माझ्या तोंडून जात नाही."

"नातवाचं आयुष्य त्यावर टांगलंय, सुंग्गू."

"ठाऊक आहे. पण भरवशाने आलेल्याचं नाव आज फोडलं तर उद्या अडलेली बाई कोणाकडे जाईल?" तिने नातवाच्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या घरात एकदाच कोणी कचेरीत चढून बोललं. ते दुसऱ्याचं गुपित नव्हतं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यापायी डोंगर सोडावा लागला."

कराएंगचा हात शालीवरच थांबला. "कोणता डोंगर?"

"मालिनो. माझी आजी होती ती. तेने."

४. वर पाहणारा

व्हरांड्यातून निघताना कराएंगनी लोलोंचा किंवा ऋणाचा उल्लेख केला नाही. मुलगा निर्दोष असल्याशिवाय शब्द फेडता येत नाही. खोट्या साक्षीने फेडलेले ऋण दुप्पट होते, असे तुतू म्हणत.

रोपूला सारे डाएंग, म्हणजे दादा, म्हणत. त्याची खोली यंत्रांच्या खालीच होती. भिंतीवरच्या खिळ्याला त्याची बाटली टांगलेली, आतले तेल चरबीसारखे पांढरे. कोपऱ्यात बादली होती आणि बादलीत स्वच्छ पाणी. कित्येक आठवड्यांत पाऊस नव्हता आणि खोलीत नळही नव्हता.

"हे पाणी कुठलं, डाएंग?"

"पुसायचं, कराएंग."

"पुसायच्या पाण्यात फडकं बुडवतात. हे तर कोणी शिवलेलंही नाही. वरून पडलंय का?"

रोपूने दाराकडे पाहिले. वर्षभरात त्याला पेन्शन मिळणार होती. तो इतकेच म्हणाला, की ज्याने तोंड बंद ठेवायला सांगितले त्याच्या हाती त्याची नोकरी आहे, आणि कराएंगनी त्याला नाव विचारू नये. कराएंगनी विचारले नाही. आज संध्याकाळी ही बादली खोलीतून बाहेर काढायची नाही, एवढी आज्ञा मात्र दिली.

थायलंडचे प्रशिक्षक वीरासाक, ज्यांना त्यांचे खेळाडू आजान म्हणजे गुरुजी म्हणत, अत्यंत सभ्यपणे संतापलेले होते. "आमच्या पोराचा गुडघा गेला," ते म्हणाले, "आणि बदल्यात तुम्ही तुमचं एक पोरगं कापून आमच्या ताटात वाढलंत. आम्ही ते मागितलं नव्हतं, मॅडम. आम्हाला फक्त विचारायचंय की काय झालं."

"मलाही तेवढंच विचारायचंय. पूर्वार्धात उत्तरेच्या गोलात तुमचा गोलरक्षक होता. त्याला बोलवा."

नत्थापात नावाचा तो उंच मुलगा आला. कराएंगना जे आठवत होते तेच त्यांनी विचारले: पूर्वार्धात तो सारखा वर का पाहत होता, आणि कपाळ का पुसत होता? मुलाने डोक्यावर बोट ठेवले.

"पाणी. टप, टप. मी हात करून आयोजकांच्या टेबलाकडे सांगितलं. तिथल्या साहेबांनी हातानेच सांगितलं, खेळ, खेळ."

"कोणत्या साहेबांनी?"

त्याला नाव ठाऊक नव्हते. मात्र त्यांच्या खांद्यावर पांढरा टॉवेल होता, हे त्याला आठवत होते.

५. खिशाकडे गेलेला हात

अंतिम सामन्याच्या आधी कराएंगनी उपांत्य सामन्याच्या दोन्ही संघांना, पंचांना, कुलगुरूंना, सुंग्गूला, रोपूला आणि प्राध्यापक लाल्लोंना उत्तरेच्या गोलापुढे बोलावले. प्रेक्षक येऊन बसू लागले होते. त्यांना बाहेर काढण्याची कुलगुरूंची सूचना कराएंगनी फेटाळली. आळ चारचौघांत घातला होता, तो उतरणारही चारचौघांतच.

त्यांनी तोम्पोची बाटली सर्वांसमोर उलटी धरली. काही पडले नाही. मग ती गरम साराब्बाच्या पेल्यात थोडा वेळ बुडवून ठेवली, पुसली आणि गोलापुढच्या, निळ्या रंगवलेल्या जमिनीवर तिरकी केली. तेल पाण्यासारखे पसरले. लवंगेचा वास आला.

"आता थांबा," त्या म्हणाल्या.

प्राध्यापक घड्याळाकडे पाहू लागले. हा पोरखेळ किती वेळ चालायचा, असे त्यांनी कुलगुरूंना ऐकू जाईल असे विचारले. कराएंग खुर्चीवर शांत बसल्या होत्या. लोक कुजबुजत होते, कोणी शिंकले, आणि मग पुढच्या रांगेतली एक बाई उभी राहून बोट दाखवू लागली. निळ्या जमिनीवरचे तेल कडेकडेने पांढरे होत आत सरकत होते. पाहता पाहता तिथे चुन्याचा फराटा ओढल्यासारखा डाग उमटला.

"हे तेल मेलेलं नाही," कराएंग सुंग्गूकडे पाहून म्हणाल्या. "थिजलंय. तुम्ही समुद्राकाठची माणसं. तुमच्याकडे ते जन्मात थिजत नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. मालिनोला दर पहाटे थिजतं. वेणी घालायच्या आधी आई बाटली चुलीजवळ ठेवायची." मग त्या सर्वांकडे वळल्या. "या गारठ्यात तोम्पोच्या पोटरीवरून गळलेलं तेल असं पांढरं दिसलं असतं. काल थनाकोर्न पडण्याआधी इथे पांढरा डाग कोणी पाहिला?"

कोणीही पाहिला नव्हता. पंचांनीही नाही.

"म्हणजे तो घसरला तेव्हा जमिनीवर तेल नव्हतंच. पाणी होतं."

"पाणी?" प्राध्यापक हसले. "कराएंग, मग टॉवेलवर काय होतं?"

"तेच सांगते. टॉवेलवरचं तेल ओघळलं. मी पहिल्या रांगेत होते; तुमच्या बाहीत ते मुरताना पाहिलं. तोम्पोची बाटली बाकाखाली गोठलेली. रोपूची खिळ्यावर गोठलेली. मग या थंडीत पातळ तेल आलं कुठून? जी बाटली कोणाच्या तरी अंगाच्या उबेला होती, तिच्यातून. सानरोनं तीन दिल्या. तिसरी कोणाकडे हे तिनं मला सांगितलं नाही. नातू गेला असता तरी सांगितलं नसतं. तुम्ही ज्यांना अडाणी म्हणता, प्राध्यापक, त्यांची सिरी ही अशी असते."

सुंग्गूची नजर जमिनीवर खिळली होती.

"तिची गरजही नव्हती. मंतरलेल्या बाटलीचा नियम सर्वांना ठाऊक आहे. काम तडीस जाईपर्यंत ती अंगावेगळी करायची नाही. ज्यानं ही स्पर्धा निर्विघ्न पार पडावी म्हणून बाटली घेतली, त्याचं काम अजून संपलेलं नाही. अंतिम सामना व्हायचाय. म्हणजे या क्षणीही ती त्याच्या अंगावर आहे."

कोणी काही बोलण्याआधीच प्राध्यापक लाल्लोंचा उजवा हात आपोआप पँटच्या खिशाकडे गेला आणि तिथे घट्ट दाबला गेला. तो तिथे कसा पोहोचला हे त्यांना समजायच्या आत शेकडो डोळ्यांनी तो पाहिला होता.

"काढा," कराएंग म्हणाल्या.

बाटली निघाली. काळपट काचेची, चपटी, जवळजवळ रिकामी. उलटी करताच उरलेले थोडे तेल लगेच ओघळले.

त्याच वेळी वरून एक थेंब त्या निळ्या जमिनीवर पडला. टप्. थोड्या अंतराने दुसरा. सर्वांनी माना वर केल्या.

मग रोपूचे तोंड सुटले. यंत्रांच्या पाण्याची नळी अर्धवट सोडलेली. ती बसवणारा प्राध्यापकांचा मेहुणा. पहिल्या दिवसापासून इथे गळत होते. रोज बादली लागे आणि सामन्याच्या मध्ये पुसणे होई, पण उपांत्य सामन्याला कॅमेरे आले. काही दिसता कामा नये, कोणी पुसायलाही आत जायचे नाही, असे प्राध्यापकांनी बजावले होते.

"माझा कोणाला इजा करायचा विचार नव्हता," लाल्लो पुटपुटले. "तो पडला आणि मला सुचेना. खिशात बाटली होती, वाकून पुसता पुसता ती टॉवेलवर ओतली. पोरगं तेल लावतं हे सगळ्यांना ठाऊक होतं."

"सुचलं नाही म्हणता? पाणी लपवायला तुम्ही टॉवेल तेलात भिजवलात, एका पोराचं शिक्षण त्यात बुडवलंत, आणि वर त्याच्याच आजीला अडाणी म्हणालात, जिच्या पायरीवर तुम्ही स्वतः लपून बसला होतात. सुचायचं अजून काय बाकी होतं?"

प्राध्यापकांनी कुलगुरूंकडे पाहिले. कुलगुरू मघापासून तो पालथा कागद हातात धरून होते. त्यांनी तो फाडला.

"फाडून भागत नाही," कराएंग म्हणाल्या. "आळ मोठ्यानं घातलात. मोठ्यानं उतरवा."

कुलगुरूंनी ध्वनिक्षेपक घेतला आणि तोम्पोचे नाव घेऊन त्याची क्षमा मागितली. तोम्पोने ते ऐकले की नाही कोण जाणे. तो आजान वीरासाकांपुढे उभा राहून थनाकोर्नला भेटता येईल का, असे विचारत होता. आजाननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तो तुझीच वाट बघतोय," ते म्हणाले. "उरलेला सामना नीट जमिनीवर पुन्हा खेळायचा म्हणतो. त्याच्याशिवाय आम्ही हरू, असं त्याला वाटतंय. तसं नाही हे आम्हाला त्याला दाखवायचंय."

६. तेनेचा शब्द

अंतिम सामना पुढे ढकलला गेला. शहरातल्या जुन्या, बिनयंत्राच्या क्रीडागृहात दुसऱ्या दिवशी दुपारी उपांत्य सामन्याचा राहिलेला भाग सुरू व्हायचा होता. घामाने भिजलेली गर्दी दाटीवाटीने बसली होती. सानरो सुंग्गू रीतीप्रमाणे पायऱ्यांच्या तळाशी, जमिनीवर बसली होती. कराएंगसमोर तिच्या घरातले कोणी कधी उंचावर बसले नव्हते.

कराएंग कानांग आपली खुर्ची सोडून पायऱ्या उतरल्या आणि तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"माझे आजोबा कराएंग लोलो," त्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "सारं गाव गप्प असताना यांच्या आजीनं, सानरो तेनेनं, त्यांच्यासाठी कचेरीत शब्द उच्चारला. त्या शब्दापायी तिला डोंगर सोडावा लागला. आमचं घर डोंगरावरच राहिलं. तो शब्द आमच्यावर होता."

सुंग्गूने मान वर केली. "म्हणजे तुम्ही तोम्पोसाठी उभ्या राहिलात ते त्याकरता?"

"नाही. तो तेनेच्या घरातला, हे कळायच्या आधीच मी त्या कागदावर सही नाकारली होती. पोरगं खरं होतं म्हणून बोलले. तेनेही त्याकरताच बोलली होती. म्हणून तर फेड होते."

म्हातारीने पानाची चंची सोडली. एका पानाला चुना लावला, सुपारी ठेवली, विडा दुमडला, त्याचे दोन भाग केले आणि एक कराएंगच्या हातावर ठेवला. दुसरा स्वतः तोंडात घातला.

"फिटलं," ती म्हणाली. "माझ्या आजीच्या वतीनं सांगते. आता तुमच्या घराकडे आमचं काही राहिलं नाही."

कराएंगनी विडा खाल्ला. मग त्या तिथेच, जमिनीवर, सुंग्गूच्या शेजारी बसल्या. समोर तोम्पोने हातमोजे चढवले, एकदा वर छपराकडे पाहिले, आणि तो गोलापुढे जाऊन उभा राहिला.